सासूबाईंचा दोरा आणि सासऱ्यांची गाठ

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत सासूबाईंचं राज्य आहे. खिडकीला लागून त्यांची पायमशीन, तिच्यासमोर माझं कापायचं टेबल, भिंतीकडेला कापडांच्या थप्प्या, आणि गिऱ्हाइकाला बसायला एक खुर्ची, जिच्यावर कायम काहीतरी अर्धवट शिवलेलं पडलेलं असतं. मी कापते, त्या शिवतात. मला सरळ टीप मारता येत नाही, हे मी मोकळेपणाने सांगते. माझी टीप झोपेत चालल्यासारखी कुठेही जाते. पण कात्री हातात दिली की माझ्या कापण्याला कुणी नाव ठेवून दाखवावं, मी भांडायला तयार आहे. तशी मी कशावरूनही भांडायला तयार असते, असं आमचे हे म्हणतात.

सासूबाई अगदी उलट. त्यांचा आवाज चढलेला मी बारा वर्षांत दोनदा ऐकलाय. दोन्ही वेळा कुणीतरी त्यांच्या कापडाच्या कात्रीने कागद कापला होता. त्यातलं एकदाचं ते कुणीतरी मीच होते.

वय अडुसष्ट, अंगाने काटकुळ्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांची एक खोड म्हणा, अभिमान म्हणा, टीप एकदा सुरू केली की टोकाला पोहोचेपर्यंत पाय थांबवायचा नाही. दारात कुणी हाका मारो, आत दूध उतू जावो. मध्ये थांबलं की तेवढ्या जागी टीप किंचित वाकडी होते, असं त्यांचं म्हणणं. मला ते वाकडं कधी दिसलेलं नाही. त्यांना खोलीच्या या टोकावरून दिसतं. शिवता शिवता त्या ओठ मिटून घेतात, आणि टोक आलं की एक छोटासा सुस्कारा सोडतात. तो सुस्कारा ऐकला की मला कळतं, काम मनासारखं झालं. दिवसभरात असे पन्नास सुस्कारे ऐकायची माझ्या कानांना सवय झालेली.

तर अशा बाईचा दोरा तुटायला लागला.

पहिल्यांदा दवाखान्याचे उशीचे अभ्रे शिवताना तुटला. तुटतो कधीतरी, कुणी मनावर घेतलं नाही. पण मग दिवसात चार वेळा, दहा वेळा, आणि महिनाभरात अशी वेळ आली की धड वीतभर टीप होईना. टक् करून आवाज यायचा, सुई मोकळीच खालीवर व्हायची, आणि सासूबाई दोऱ्याचं टोक हातात धरून त्याच्याकडे बघत बसायच्या.

आम्ही काय नाही केलं? सुई बदलली. नवी सुई उलटी बसली असेल म्हणून काढली आणि चपटी बाजू बघून पुन्हा बसवली. दोऱ्याचं टेन्शन सैल केलं, मग घट्ट केलं, मग पुन्हा होतं तिथे आणलं. सुईखालची पट्टी काढून दातऱ्यांमध्ये अडकलेला भुसा ब्रशने झाडला. इतका निघाला की त्यात एक छोटी उशी भरली असती. दोरा ज्या ज्या कड्यांतून जातो तिथे कुठे धार आली असेल म्हणून मी कापूस फिरवून बघितला, कुठे अडकला नाही. बॉबिन तपासली, तेल घातलं, जास्तीचं तेल पुसलं. दोरा जुना असेल म्हणून रीळ बदललं, एक सोडून चार वेळा बदललं. काही उपयोग नाही. मी वैतागून मशीनला एक चापट मारली, तर सासूबाईंनी माझा हात धरून बाजूला ठेवला.

त्यातच शाळेचा पडदा आला. त्यांच्या सभागृहातल्या रंगमंचाचा, जाड गडद लाल कापडाचा, दोन पाखांचा, म्हणजे मधून उघडणारा दोन भागांचा. चौदा-चौदा फुटांच्या उभ्या टिपा. पुढच्या महिन्यात मुलांचं नाटक होतं आणि जुन्या पडद्याला इतकी भोकं पडली होती की पडद्यामागची मुलं प्रेक्षकांना वेडावून दाखवत. हे काम घेऊन शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाई स्वतः आल्या होत्या. म्हणाल्या, चौदा फूट सलग टीप मारणारं दुसरं कुणी आम्हाला माहीत नाही. सासूबाई अशा खुलल्या की त्यांनी त्या बाईंना दोनदा चहा पाजला.

आणि पहिल्याच टिपेला चौदा फुटांत दोरा अकरा वेळा तुटला. सासूबाईंनी सगळी उसवली.

मग मी मशीन दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला आम्ही तेलवाला म्हणतो, कारण तो येऊन गेला की दोन दिवस घराला तेलाचा वास येतो. माणूस भला. त्याने मशीन उघडली, निम्मी सुटी केली, पुन्हा जोडली, मग खिशातून आपलं काळ्या दोऱ्याचं रीळ आणि पिशवीतून आपलीच एक चिंधी काढली आणि सर्रकन टीप मारून दाखवली. एकदा, दोनदा, पाच वेळा. दोरा तुटेना. तो खुश, आम्ही खुश. तो कोपऱ्यावर वळला असेल नसेल, सासूबाईंनी लाल दोरा ओवला, पडदा घेतला, आणि टक्.

तो परत आला. पुन्हा त्याची चिंधी, पुन्हा त्याचा काळा दोरा, पुन्हा मशीन लोण्यासारखी चालली. या खेपेला त्याने सासूबाईंकडे बघितलं, हात पुसत राहिला, आणि हळूच म्हणाला, "काकू, मशीनला काही झालेलं नाही. वय झालं की कापड ओढलं जातं हो, आपल्याला कळत नाही. माझ्या आईचंही तसंच झालं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याची आई, त्याचं तेल, काही सोडलं नाही. तो बिचारा मान खाली घालून हत्यारं गोळा करत होता. पण माझ्या लक्षात आलं की सासूबाई मला गप्प करत नाहीयेत. एरवी त्यांनी डोळ्यांनीच दटावलं असतं. त्या आपले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडे बघत होत्या.

त्या दिवसानंतर त्या बदलल्या. हातातून चमचा पडला तरी "बघ" म्हणायच्या. कपात चहा हलला तरी "बघ". मी म्हटलं, मी शिवल्यावरही तुटतो की दोरा. त्या हसल्या. "तुझा तर नव्या मशीनवरही तुटेल गं." खरंच होतं ते.

तीन दिवस त्या मशीनवर बसल्या नाहीत. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात दुपारच्या चहाला मला म्हणाल्या, पडद्याचं कापड नीट घडी कर आणि उद्या शाळेत देऊन ये. सांग दुसरं कुणीतरी बघा. आणि मशीन नणंदबाईंकडे पाठवू, तिच्या मुली शिकतील. इतक्या साधेपणाने सांगितलं, की जणू भाजी काय करायची ते सांगताहेत. मी पुढच्या खोलीतून कापड आणलं आणि घडी घालायला लागले. मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचा राग येत होता. घडी धड होईना.

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. ते तिथेच बसले होते, दाराजवळच्या त्यांच्या नेहमीच्या जागी. सासरे छत्तीस वर्षं सूतगिरणीत होते. सूत गुंडाळणाऱ्या चात्यांच्या लांबच लांब रांगांमधून फिरायचं आणि सूत तुटलं की गाठ मारून जोडायचं, हे त्यांचं काम. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाठी. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि तेव्हापासून हातांना काही काम नव्हतं. पेपर दोनदा वाचत. बंद नळ पुन्हा बंद करत. बाजारातून आणलेली कोथिंबीर देठांच्या लांबीप्रमाणे लावत. पुढच्या खोलीत त्यांनी लुडबुड करायची नाही असा सासूबाईंचा हुकूम होता. फक्त गेल्या दीड-दोन महिन्यांपासून, दुपारी त्या आडव्या झाल्या की, झाडू मारायची परवानगी मिळाली होती. माणूस इतका अबोल की घरी पाहुणे आले तर ते दोन दिवसांनी विचारत, तुमचे सासरे कुठे असतात?

ते उठले. सासूबाईंना विचारलं, "अगं, दोरा तुटतो तो ठरावीक अंतराने तुटतो, की कुठेही?"

सासूबाई म्हणाल्या कुठेही तुटतो, आता काय त्याचं.

ते पुढच्या खोलीत गेले. मी डोकावून बघितलं. त्यांनी सासूबाईंच्या डब्यातून लाल दोऱ्याचं रीळ घेतलं होतं आणि दोरा अंगठा न् बोटाच्या नखांमधून हळूहळू ओढत होते, डोळे मिटून. मध्येच थांबायचे, पुन्हा ओढायचे, पुन्हा थांबायचे. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा असा पडला होता की मला वाटलं छातीत वगैरे दुखतंय.

"दोरा मी तोडतोय," ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दुपारी झाडताना दोऱ्याचे तुकडे निघत. टिपेच्या शेवटी कापलेले, बॉबिनवर उरलेले, उसवलेले, कुठे हातभर, कुठे दोन हात. ते टाकवेनात त्यांना. छत्तीस वर्षं ज्या माणसाने सुताचं एक टोक वाया जाऊ दिलं नाही, त्याने ते केरात कसे टाकावेत? म्हणून ते रंग बघून, एकाला एक गाठ मारून, रिकाम्या रिळावर गुंडाळून ठेवत होते. अगदी कारखान्यातून आल्यासारखं सुबक. आणि डब्यात परत ठेवून देत होते. मला वाटायचं रिळं सासूबाई आणतात, त्यांना वाटायचं मी आणते. उलट सासूबाईंनी एकदा कौतुकही केलं होतं की हल्लीची रिळं किती पुरतात. ते ऐकून सासऱ्यांना दिवसभर बरं वाटलं होतं, असं ते स्वतःच म्हणाले.

आणि दोरा जितका जास्त तुटे, तितके जास्त तुकडे पडत. जितके जास्त तुकडे पडत, तितकं जास्त ते जोडत. मी चार रिळं बदलली होती ना? चारही त्यांचीच.

मला हसू की ओरडू कळेना. मी सासूबाईंकडे बघितलं, की आता तिसऱ्यांदा आवाज चढलेला ऐकायला मिळणार. पण त्या नुसत्या मान हलवत होत्या. त्यांचा विश्वासच बसला नव्हता. त्यांना वाटलं, आपल्याला बरं वाटावं म्हणून हा माणूस सगळं स्वतःवर घेतोय.

"अहो, आयुष्यात कधी खोटं बोलला नाहीत," त्या म्हणाल्या. "आता माझ्यासाठी कशाला बोलता?"

त्यांनी रीळ मागून घेतलं. चष्मा वर सरकवला, खिडकीच्या उजेडात दोरा धरला आणि बोटांतून ओढत नेला. चार हात, पाच हात. एकही गाठ नाही. माझ्याकडे दिला. मीही बघितलं. गाठ सोडा, साधा खडबडीतपणा नाही. सासरे सांगत होते, ही इथे आहे, ही बघ इथे, आणि आम्हा दोघींना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. गिरणीत त्यांच्या गाठीचं नाव होतं म्हणे. मुकादमाला बोट फिरवूनही सापडायची नाही. आता तीच गाठ त्यांच्या खरेपणाच्या आड आली होती. तुटल्यावर तर पुरावा काहीच उरत नव्हता, गाठच सुटायची, आणि हातात राहायचं ते नुसतं साधं टोक.

सासऱ्यांना घाम फुटला. हा माणूस जन्मात कधी वाद घालायला उभा राहिला नव्हता, आणि आता आपण दोषी आहोत हे पटवून देण्यासाठी धडपडत होता. मग ते आम्हाला घेऊन पुढच्या खोलीत माझ्या टेबलापाशी गेले, माझा खुणा करायचा निळा पेन उचलला आणि डब्यातून आपण न जोडलेलं एक पांढरं रीळ शोधून काढलं. आमच्या समोर त्यांनी दोरा तोडला, टोकांवर बोटं फिरवली, इतकी झरझर की मला काय केलं तेही कळलं नाही, आणि जिथे गाठ होती तिथे निळा ठिपका दिला. हातभर पुढे दुसरी. तिसरी. अशा सहा गाठी, सहा ठिपके.

"शिव," ते म्हणाले.

सासूबाई बसल्या. चार दिवसांनी. पांढरी चिंधी घेतली, पाय हलवला. आम्ही दोघं दोन बाजूंनी वाकलो. पहिला ठिपका रिळावरून निघाला, कडीतून गेला, खाली सुईकडे आला, सुईच्या भोकातून थोडा खालीवर झाला आणि चक्क कापडात शिवला गेला. दोरा तुटला नाही. टिपेमध्ये निळा ठिपका झकास बसला होता.

मी सासऱ्यांकडे बघितलं. आणि खरं सांगते, क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. त्यांची गाठ सुईतून पार गेली होती ना. दुसऱ्या क्षणी आपण कशाला खुश झालो हे त्यांचं त्यांनाच उमगलं आणि ते लाजून बाजूला बघायला लागले.

सासूबाईंचा पाय चालूच होता. दुसरा ठिपका आला. टक्.

त्यांनी तुटलेलं टोक ओढून घेतलं. टोकाला निळं होतं.

पुन्हा ओवला. तिसरा ठिपका. टक्. टोकाला निळं. चौथ्याला मी आणि सासरे एकदमच "आला, आला" म्हणालो, आणि टक् झाल्यावर मी टाळी वाजवली. एवढ्यात आमचे हे कामावरून आले. त्यांनी दारातून बघितलं, तर आई शिवतेय, दोरा तुटतोय, आणि बायको टाळ्या पिटतेय. त्यांनी जोडे न काढताच विचारलं की सगळं ठीक आहे ना.

पाचव्या ठिपक्याला सासूबाई हसायला लागल्या. आधी आवाज न करता, खांदे हलवत, मग मोठ्याने. सहावा तुटला तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे त्याच चिंधीला पुसले. आपले हात समोर धरून बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "शाबूत आहेत गं," मला म्हणाल्या. "दोन्ही शाबूत आहेत."

सासरे कोपऱ्यात उभे होते. महिनाभर बायकोला म्हातारं केलं आपण, असं काहीतरी ते पुटपुटले. सासूबाईंनी ते ऐकलंच नाही. त्यांना राग येतच नव्हता. गमावलेलं सगळं परत मिळालं होतं, त्यात राग ठेवायला जागा कुठे होती?

मी चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानात पळाले आणि लाल दोऱ्याची दोन नवी कोरी रिळं आणली. घडी घातलेला पडदा मीच उलगडला, आणि तो नीट घडी झाला नव्हता याचा मला पहिल्यांदा आनंद झाला. सासूबाईंनी दोरा ओवला, कापड सुईखाली घेतलं, ओठ मिटले. मी पलीकडून कापडाचं ओझं उचलून धरलं. आमचे हे तसेच जोड्यांनिशी उभे. चौदा फूट. मशीनचा आवाज एकसारखा, कुठे अडखळला नाही. टोक आलं, आणि त्यांनी सुस्कारा सोडला. काय सांगू, एका सुस्काऱ्याने घर भरून जातं हे मला माहीत नव्हतं.

तेलवाल्याची मी दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, यापुढे तो गिऱ्हाइकाच्याच दोऱ्याने मशीन तपासणार. मी म्हटलं, आधीपासूनच तसं करायला हवं होतं. म्हणजे माफी मागायला गेले ती पुन्हा थोडंसं भांडूनच आले.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी पडद्याच्या चारही उभ्या टिपा झाल्यावर सासरे डबा घेऊन निघाले. त्यांनी आपली सगळी रिळं वेगळी काढली होती, लाल, पांढरी, निळी, खाकी, मोजली नाहीत मी, पण ओंजळीत मावत नव्हती. ती केरात टाकायला निघाले होते.

सासूबाईंनी मशीनवरूनच हाक मारली. ते थांबले.

"लाल तेवढी इकडे द्या," त्या म्हणाल्या. "पडद्याचा खालचा काठ हाताने दुमडायचाय. हातसुईचं भोक मोठं असतं, तुमची गाठ सहज जाईल. आणि खालून पडद्याला गाठी दिसल्या तर शाळा परत पाठवील. तुमच्या दिसणार नाहीत. मलाच दिसल्या नाहीत चष्मा लावून."

सासरे उभेच राहिले. मग विचारलं की काठ किती लांब आहे. मी टेबलावरचा कागद बघून सांगितलं, दोन्ही पाखं मिळून छत्तीस फूट, आणि दुहेरी टाके घालायचे म्हणजे दोरा बराच लागेल, आहेत ती रिळं पुरायची नाहीत. तुकडे मात्र भरपूर पडलेत, महिनाभराचे.

त्यांनी डबा टेबलावर ठेवला. खुर्चीवरचं अर्धवट शिवलेलं उचलून माझ्या हातात दिलं, खुर्ची खिडकीकडे सरकवली, मशीनच्या बाजूला, जिथे बसायची त्यांना तीन वर्षांत कधी परवानगी नव्हती. सासूबाईंनी आपली कापडं थोडी अलीकडे ओढून जागा करून दिली.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी भांडी आवरत होते, तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. अंघोळीनंतर घालायचा धुतलेला सदरा हातावर घेतला होता, कामावर जायच्या आदल्या दिवशी काढून ठेवतात तसा.

"सूनबाई," त्यांनी विचारलं, "उद्या कामाला किती वाजता बसायचं?"